घरचा कप

मी तक्रारखोर माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त मागितले की माझं डोकं फिरतं. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदारानं हातावर गोळ्या टेकवल्या, तर पुढच्या खेपेला मी त्याच गोळ्या त्याच्या गल्ल्यावर ठेवतो. मोबाइल कंपनीच्या यंत्रातली बाई ‘एक दाबा, दोन दाबा’ करायला लागली की आमची सत्यभामा उठून स्वयंपाकघरात निघून जाते, कारण पुढं मी त्या बाईशी भांडणार हे तिला माहीत असतं. राजपाल गायकवाडची आणि माझी ओळख अशाच एका तक्रारीतून झाली. आज त्याच्याविषयी लिहायला बसलोय, ते मात्र मी न केलेल्या तक्रारीमुळं.

पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. मी तेव्हा एसटीत कंट्रोलर होतो. नवाकोरा टेबल फॅन आठ दिवसांत बंद पडला आणि दुकानदार म्हणाला, तुम्हीच पाडला असेल. मी तडक ग्राहक मंचाच्या कचेरीत गेलो. खिडकीमागं एक सडपातळ, भांग चापून बसवलेला कारकून बसला होता. माझं दहा मिनिटांचं भाषण त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पावती हाय का?”

“आहे.”

“तारीख? वेळ? फॅन बंद पडला तवा घरात कोण कोण व्हतं?”

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. शेवटी म्हणाला, “आता तुमाला नेमकं पायजे काय? पैसे परत, का फॅन बदलून?”

“त्यानं माफी मागावी,” मी म्हणालो.

“माफीचा रकाना न्हाय आपल्याकडं,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

फॅन बदलून मिळाला आणि आमचं जमलं ते जमलंच. वर्षभरात अरे-तुरे सुरू झालं.

तीस वर्षं राजपालनं लोकांच्या तक्रारी नीटनेटक्या करून दिल्या. मिक्सर, बियाणं, सायकल, चष्मा, लग्नाच्या अल्बममधले गायब फोटो, काय काय लोक घेऊन यायचे. त्याचं एक ठाम मत होतं. खरी तक्रार असलेल्या माणसाला तारीख आठवते, वेळ आठवते, समोरचा काय बोलला ते शब्दाशब्दानं आठवतं. ‘लई वाईट अनुभव आला’ एवढंच लिहिलेला अर्ज हातात पडला की तो म्हणायचा, “ह्याचं दुखणं दुसरंच कायतरी हाय.” पण हाच माणूस स्वतः मात्र कधी तक्रार करायचा नाही. हॉटेलात गार चहा आला तरी पिऊन टाकायचा. टपरीवर बाक रिकामा असला तरी बाजूला उभा राहून प्यायचा. मी चिडवलं की म्हणायचा, “सवय हाय.” कसली सवय, हे मी पंचवीस वर्षांत कधी विचारलं नाही. न विचारायची मलाही एक सवयच.

चैताली ही त्याची एकुलती लेक. तिची आई लवकर गेली. सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, शिकली, आणि पुण्या-बंगळुरात सहा वर्षं कॉफीच्या दुकानांत काम करून एक दिवस परत आली. “मला माझ्याच गावात दुकान टाकायचंय,” म्हणाली. राजपालला घाम फुटला.

कारण धाराशिवात कॉफी म्हणजे काय? एकादशीला, जायफळ घालून, गोडमिट्ट. नाहीतर लग्नाच्या मांडवात मशीनची, फेसाची, वरून चॉकलेटची पूड भुरभुरलेली. आणि अलीकडं कॅफे म्हटलं की पडदे. कॉलेजच्या आसपास जे कॅफे निघालेत त्यांत पडदे लावलेले कप्पे असतात आणि तिथं कॉफी प्यायला कुणी जात नाही, हे पोलिसांनाही ठाऊक आहे. चैतालीनं समोरून आरपार काच लावली. आत सहा टेबलं, पितळी फिल्टर, चिकमगळूरहून येणारी पूड, आणि बाहेर पाटी: ‘चैतालीची कॉफी’.

गाळा माझ्या मेहुण्याचा, म्हणजे सत्यभामेच्या भावाचा. हिंमतराव त्याचं नाव. कोर्टाच्या मागच्या रस्त्याला त्याचे चार गाळे आहेत, शेती वेगळी. मध्यस्थी मीच केली. ‘गायकवाड, सरकारी कचेरीतले रिटायर क्लार्क, देवमाणूस’ एवढं सांगितलं. गायकवाड आडनाव आमच्याकडं सगळ्या जातींत आहे. हिंमतरावानं “गाव कुठलं?” विचारलं, मी “येरमाळ्याकडचे” म्हणालो आणि विषय बदलला. त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं आणि मी ते समजू दिलं. तेव्हा मला ती माझी हुशारी वाटली होती.

जानेवारीत दुकान सुरू झालं आणि पहिल्या महिन्यातच बसायला जागा मिळेना. वकील, बँकेतले लोक, दवाखान्यातल्या सिस्टर, सहकुटुंब येणारे मास्तर. कोपऱ्यात एक पांढरी बुद्धमूर्ती होती. पण ती हल्ली हॉटेलात, पार्लरमध्ये, कुठंही असते. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. गल्ल्याजवळ चैतालीनं खडूनं लिहिलं होतं, ‘घरचा कप आणा, खारी मोफत मिळवा.’ पार्सलच्या कागदी कपांचा कचरा नको, हा तिचा बंगळुरी विचार. लोक वाचून हसायचे. तीन महिन्यांत एकानंही कप आणला नाही.

राजपालनं त्या दुकानाला एकच गोष्ट दिली, तक्रार वही. दोरीला पेन बांधून खिळ्याला अडकवलेली. जिथं तक्रार लिहायला वही न्हाय तिथं गिऱ्हाइकानं पाय ठिवू नये, हे त्याचं म्हणणं. पहिली तक्रार अर्थातच मी लिहिली, कप लहान आहे म्हणून. मग इतरांनी सुरू केलं. पंखा हळू आहे. साखर मागितल्याशिवाय देत नाहीत. टेबल डुगडुगतं. कॉफी पिऊन रात्री झोप आली नाही, जबाबदार कोण. राजपाल रोज दुपारी चष्मा पुसून ती वही वाचायचा आणि गालात हसायचा. माणूस इतका सुखी मी त्याला नोकरीत असताना पाहिला नव्हता.

चौदा एप्रिलला चैतालीनं गल्ल्यामागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, मोगऱ्याचा हार घातला. आदल्या दिवशी राजपाल तिला म्हणाला होता, “घरी हाय की तसबीर. दुकानात कशाला?” ती म्हणाली, “पप्पा, दुकान माझंय ना?” त्या दिवशी तिनं सगळ्यांना फुकट कॉफी दिली. लोक आले, प्यायले, जयंतीच्या शुभेच्छा देऊन गेले. हिंमतरावही आला. त्यानं एकदा तसबिरीकडं बघितलं, एकदा चैतालीकडं, आणि मग माझ्याकडं.

“दाजी, बोलला न्हाईत कधी,” एवढंच म्हणाला. आवाज अगदी गोड होता.

कुणी काही बोललं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुणी पाटीला चिखल फासला नाही, कुणी आवाज चढवला नाही, दुकानाची गर्दीसुद्धा कमी झाली नाही. पाच-सहा दिवसांनी हिंमतराव आला तो हातात स्टीलचा पेला घेऊन. “तुमची स्कीम हाय न्हवं, बाळ? घरचा कप?” चैताली हरखली. पहिला मानकरी म्हणून तिनं त्याचा फोटो काढला आणि बंगळूरच्या मैत्रिणींना पाठवला. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या एक बाई फुलाफुलांचा कप घेऊन आल्या. मग दोन वकील. मग मास्तर, चौघांचे चार पेले पिशवीत घालून. महिनाअखेर घरचा कप न आणणारा माणूस शोधावा लागत होता.

“पप्पा, बघा,” चैताली म्हणाली, “सगळे म्हणायचे आपल्या गावात असलं चालणार नाही.”

राजपाल हसला. मी त्याच्या समोरच बसलो होतो. फक्त ओठ हलले, बाकी चेहरा होता तसाच राहिला.

मोफतची खारी मात्र कुणी घेईना. चैताली बशीत दोन खाऱ्या ठेवून पुढं सरकवायची. कुणाला शुगर निघायची, कुणी आत्ताच जेवलेलं असायचं, कुणाचा उपास. संध्याकाळी बरणी सकाळी भरली होती तेवढीच असायची.

मला राग कशाचा आला सांगू? कॉफी चालत होती. तिनंच उकळलेलं दूध, तिनंच गाळलेला अर्क, तिनंच ओतलेली कॉफी घोट-घोट चालत होती. कप तेवढा चालत नव्हता. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही, पण आमच्या गावात ते न शिकवता सगळ्यांना येतं. मला राग आला आणि मी काय केलं? घरी जाऊन मोबाइल कंपनीच्या बाईशी भांडलो. त्याच आठवड्यात सत्यभामा म्हणाली, “तुम्हीपण न्या की एक पेला. सगळे नेतात म्हणं.” मी नेला नाही. पण का नेत नाही, हेही तिला सांगितलं नाही.

चैताली काही बावळट नाही. मेच्या सुरुवातीला ती मला म्हणाली, “काका, खारीसाठी तर कुणी कप आणत नाही. मग का आणतात?” मी म्हणालो, असेल काहीतरी. तिनं तेच राजपालला विचारलं. दोन दिवसांनी वहीत एक तक्रार आली. मला ती पाठ आहे.

‘दि. ९ मे. सकाळी १०.२०. टेबल क्र. ३. कॉफी उत्तम होती, परंतु कपाच्या काठाला वास येत होता. सबब घरून कप आणणे भाग पडते. तरी योग्य ती दखल घ्यावी. एक ग्राहक.’

चैतालीला हायसं वाटलेलं मला दिसलं. कारण सापडलं होतं. तिनं त्याच दुपारी सगळे कप उकळून काढले, साबण बदलला, पुसायची फडकी बदलली. मी वही हातात घेऊन ती ओळ परत वाचली. अक्षर वाकडं काढलेलं होतं. पण धाराशिवात कॉफी पिऊन ‘सबब’ लिहिणारा माणूस कोण? तारीख, वेळ, टेबल, दोष, परिणाम, मागणी, सगळं ओळीनं. डावीकडं दोन बोटं समास.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातलाईच्या टेकडीकडं फिरायला जाताना मी त्याला गाठलं.

“ती तक्रार तू लिहिलीस.”

तो चालता चालता म्हणाला, “तिनं इचारलं मला. पप्पा, लोक घरनं कप का आणतेत? काय सांगू?”

“खरं सांग.”

“तू सांगशील?”

मी चपलेतला खडा काढायला वाकलो. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि मी पंचवीस वर्षांत न विचारलेलं सांगायला लागला.

“सात वर्सांचा आसंन मी. येरमाळ्याच्या यात्रेला बापाबरूबर गेलो व्हतो. हॉटेलाच्या भाईर खिळ्याला आमचे कप आडकिवलेले. बिनकानाचे. आपुनच धुवायचे, पिऊन झालं का आपुनच परत आडकवायचे. मला काय ठावं? म्या फळीवरचा फुलाचा कप उचलला. हॉटेलवाला उठायच्या आत आमच्या तात्यारावानं, माझ्या बापानं, मला कानफटात दिली. एवढी जोरात, का हॉटेलवालाच म्हणला, जाऊ द्या, लेकरू हाय. घरी जाताना बाप म्हणला, म्या मारलं म्हणून एकावर भागलं.”

मी त्याच्या शेजारी दगडावर टेकलो.

“चैतालीला म्या ह्यातलं कायबी सांगितलं न्हाय,” तो म्हणाला. “पुस्तकातलं ठावं हाय तिला, भाषणातलं ठावं हाय. पर सोताला लागलेलं न्हाय. ते लागू नये म्हणून तर क्वार्टर सोडली न्हाय, गावाकडं न्हेलं न्हाय. तिला हे कळू नये, योगीराज. बास, दुसरं कायबी नको मला. कपाच्या वासानं गिऱ्हाईक तुटू दे, दुकान बंद पडू दे. पर आपलं गाव आपल्याला काय समजतंय, हे तिला कळाया नको. तू बोलू नको.”

मी शब्द दिला.

एकदा कारण दिलं की ते चालू ठेवावं लागतं. कप उकळून झाले तरी लोकांच्या पिशव्यांतून पेले निघतच होते, म्हणून सतरा मेला दुसरी तक्रार आली. मग चैतालीनं सोलापूरहून कोरे करकरीत कप आणले. पेले निघतच राहिले. मग ‘कप नवीन असूनही वास कायम आहे’ अशी तिसरी. तिनं नळाला गाळणी बसवली, दूधवाला बदलला, भांडी घासायची मोरी फोडून नवी केली. चौथी, पाचवी. इतर तक्रारी, डुगडुगत्या टेबलाच्या आणि कमी साखरेच्या, कधीच बंद झाल्या होत्या. वहीत आता एकट्या राजपालचंच अक्षर होतं. बावीस जूनला त्यानं सहावी लिहिली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उमरग्याला त्याच्या बहिणीकडं, जाईबाईकडं गेला. जाताना लिहून गेलेलं वाक्य असं होतं: ‘कप स्वच्छ दिसतात, तरी वास येतो; तो कशाचा हे समजत नाही.’

ते वाक्य त्यानं लिहायला नको होतं.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा गर्दी नव्हती. चैताली माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरले.

“काका, वास येतोय का?”

“कसला?”

“माझ्या हाताला. कप सगळे बदलले. पाणी बदललं. दूध बदललं. बदलले नाहीत ते हातच राहिले.”

“काय वेड्यासारखं बोलतेस? काहीही वास नाही.”

“तुम्ही घरचे आहात. तुम्ही खरं सांगणार नाही,” ती म्हणाली आणि मोरीकडं गेली.

त्या हातांना लिंबाचा वास होता, त्याखाली साबणाचा, त्याखाली दवाखान्यात असतो तसल्या औषधाचा. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सुटली होती. पुढचा आठवडाभर मी बघत होतो. एक कॉफी दिली की ती हात धुवायची. पैसे घेतले की धुवायची. कुणी आत आलं की आधी धुवायची. बोलता बोलता हात नाकाशी न्यायची, नाक खाजवल्यासारखं करून. मला घरी झोप लागेना. सत्यभामा विचारायची, काय झालंय. मी म्हणायचो, कॉफी जास्त होतेय.

मी तिला सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण दिलेला शब्द ही मोठी सोयीची गोष्ट असते. तिच्या आड बसून राहता येतं.

मग हातमोजे आले. डॉक्टर घालतात तसले, निळे, घट्ट. पहिल्याच दिवशी हिंमतराव आला, त्यानं पेला पुढं केला, तिच्या हातांकडं बघितलं आणि प्रसन्न झाला.

“हे बेस्ट केलं बघा, बाळ. एकदम स्वच्छ.”

तिनं बशी पुढं सरकवली. त्यानं खारी उचलली आणि कॉफीत बुडवून खाल्ली.

त्या आठवड्यात बरणी रिकामी व्हायला लागली. बँकेतल्या बाईंची शुगर उतरली, मास्तरांचे उपास संपले. एका दुपारी तर खारी कमी पडली. चैताली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काका, फरक पडला. म्हणजे हातच होते.” ती हे आनंदानं सांगत होती. मी कॉफीत बघत राहिलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राजपाल परत आला. एसटीतून उतरला तो थेट दुकानात, काळा चष्मा लावलेला, हातात औषधांची पिशवी. सकाळचे दहा वाजले होते. दुकानात मी एकटाच होतो.

“हातात काय घातलंस?” त्यानं विचारलं.

“मोजे. पप्पा, सापडलं मला. वास कपाला नव्हता. माझ्या हाताला होता.”

अडलेली मोटार पुन्हा सुरू झाल्याचं सांगावं तशा सुरात ती म्हणाली. राजपालनं काळा चष्मा काढला. मी “अरे, डोळा” म्हणालो, त्यानं ऐकलं नाही. त्यानं तिचा उजवा हात धरला, मोजा बोटाबोटानं सोडवून काढला आणि तळवा उलटा करून बघितला. तो सोललेला होता. दोन ठिकाणी चिरा पडून रक्त सुकलं होतं.

आता त्याच्यापुढं दोनच रस्ते होते, आणि ते मलाही दिसत होते. गप्प बसला असता, तर तिला खरं कधीच कळलं नसतं आणि जन्मभर ती आपल्या हाताला वास येतो असं समजून जगली असती. बोलला असता, तर जे तिला कळू नये म्हणून सत्तावीस वर्षं जपलं, तेच त्याच्या तोंडून तिला कळणार होतं. तो खुर्चीत बसला. तिचा हात हातातच होता.

“त्या तक्रारी म्या लिवल्या,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“नऊ मे, सकाळी दहा वीस. सतरा मे. अठ्ठावीस मे. दोन जून. अकरा जून. बावीस जून. सगळ्या माझ्या. खोट्या हायेत.”

“तुम्ही?” ती हसायच्या बेतात होती. “का?”

आणि त्यानं सांगितलं. आवाज न चढवता, अर्ज वाचून दाखवावा तसं, तारखेनं. तसबीर कधी लागली, पहिला पेला कधी आला, कुणाचा आला, खारी कोण घेत नव्हतं, कधीपासून घ्यायला लागलं. हिंमतरावाचं नाव आलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी टेबलाच्या सनमायक्याकडं बघत होतो. पाच मिनिटं लागली असतील.

चैतालीनं सगळं ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे माझ्या हाताला वास नाही?”

“न्हाय.”

“कधीच नव्हता?”

“कधीच न्हाय, बाय.”

ती हसली. खरोखर हसली, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कशातून तरी सुटल्यासारखी. तळवा नाकाशी नेऊन तिनं तो पुन्हा एकदा हुंगला. मग बाकीचं तिच्या ध्यानात यायला लागलं. तिची नजर गल्ल्याजवळच्या त्या खडूच्या पाटीवर गेली, रिकाम्या खुर्च्यांवरून फिरली, माझ्यावर येऊन थांबली. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

तेवढ्यात दार उघडून हिंमतराव आत आला. “नमस्कार, गायकवाड साहेब! डोळा काय म्हणतोय?” त्यानं चौकशी केली, मला “दाजी” म्हणून हात केला आणि पेला गल्ल्यावर ठेवला. “बाळ, एक स्ट्राँग.”

चैतालीनं तो पेला उघड्या उजव्या हातानं उचलला. नळाखाली धरला. पाणी घालून हात आत घातला आणि आपण घरात कुठलंही भांडं धुतो तसा तळव्यानं आतून गोल-गोल चोळला. पाणी ओतलं, परत चोळला. मग कॉफी भरली. बरणीतून दोन खाऱ्या हातानं काढून बशीत ठेवल्या आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं.

हिंमतरावानं पेल्याकडं बघितलं.

“मोजा काढला का?”

“हो. गरज नव्हती त्याची.”

“बरं, बरं,” तो म्हणाला. मग खिशातून फोन काढून बघितला, तो वाजला नव्हता, आणि म्हणाला, “जरा अर्जंट हाय, येतो मी.” पैसे ठेवले. पेला उचलला नाही. दारापर्यंत गेला आणि वळून माझ्याकडं बघत, त्याच गोड आवाजात म्हणाला, “दाजी, त्या गाळ्याचं जरा बोलायचंय. संध्याकाळी घरी येतो. ताईला सांगा, जेवायलाच थांबंन.”

मी तो पेला उचलून कॉफी पिऊन टाकली असती, तर हे सांगताना मला बरं वाटलं असतं. मी उचलला नाही. संध्याकाळी हिंमतरावाला काय सांगायचं याचा विचार करत मी बसून राहिलो.

चैतालीनं डाव्या हातातला मोजा काढून कचऱ्यात टाकला. राजपाल तिच्याकडं बघत म्हणाला, “मला वाटलं, आसं केलं म्हंजी तुला लागणार न्हाय.”

“पप्पा,” ती म्हणाली, “त्यांनी नुसते कप आणले होते. वास येतो, असं त्यांच्यातलं कुणीच म्हणालं नाही. ते तुम्ही लिहिलंत. आणि मी स्वतःचा हात हुंगत बसले.”

राजपालच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि पुसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असल्यामुळं त्यानं ते पुसलं नाही.